बोट वर, बोलणं बंद

आमच्या लोहगावात माणसं बोलता बोलता मध्येच गप्प होतात. हवाई दलाचं लढाऊ विमान उडालं की बोट वर करायचं, वाक्य तोंडातच धरायचं आणि आवाज विरला की तिथूनच पुढे बोलायचं. इथली भांडणंसुद्धा अशी थांबत थांबत होतात. धावपट्टी मुळात हवाई दलाचीच. प्रवासी विमानं मागाहून आलेली, पाहुण्यांसारखी. मग कुरकुर तरी कुणाकडे करायची? आता तर तो आवाज घरातलाच वाटतो.

परवा विमानतळाच्या दाराशी आमच्या शेजारच्या काकू लेकीला निरोप देत होत्या. ती शिकायला परदेशी निघाली होती.

"तिकडे करमलं नाही, तर..." काकू म्हणाल्या आणि डोक्यावरून विमान गरजत गेलं. काकूंचं बोट वर गेलं. लेकही सवयीने थांबली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

आवाज विरला, तरी काकूंचं बोट खाली येईना.

"बोल ना आई, गेलं विमान," लेक म्हणाली.

"थांब जरा. मागून दुसरं येतंय."

आभाळात काहीच नव्हतं. लेक मात्र बॅग खाली ठेवून थांबली.