दाराला लाथ

नाव नोंदवहीत आहे, ते इथे नको. वय चोपन्न. हुद्दा: जीवरक्षण तंत्रज्ञ, वर्ग दोन. कामाचे ठिकाण: भर समुद्रात उभ्या असलेल्या जहाजाचा मधला डेक. कामाचे स्वरूप: सहा पाणबुड्या माणसांच्या हवेवर, दाबावर, जेवणावर आणि संडासाच्या झडपेवर बारा तास देखरेख ठेवणे, संभाषण कामापुरतेच. ओळखण्याची खूण: उजव्या कानामागे पेन्सिल. ‘पोहता येते काय?’ या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहिलं आहे, कारण येत नाही.

जहाजावर त्यांना सगळे काका म्हणत. काकांच्या पुढ्यात घड्याळांची आणि झडपांची एक भिंत होती आणि त्या भिंतीमागे बसएवढ्या लांबीचं एक पोलादी नळकांडं. सहा पाणबुडे त्यात महिनाभर राहत. शंभर मीटर खाली समुद्राच्या तळाशी तेलाच्या नळांची डागडुजी करायची. रोज वर येऊन रोज दाब उतरवत बसलं तर नळ दुरुस्त होण्याआधी माणसं म्हातारी व्हायची. म्हणून त्यांना वरही खालच्याच दाबात ठेवायचं. झोप, जेवण, भांडणं, सगळं आत. कामाला खाली जायचं तेही त्याच दाबाच्या बंद डब्यातून. काम संपलं की दाब थेंबाथेंबाने उतरवायचा, पुरे चार दिवस. घाई केली तर सोड्याच्या बाटलीचं बूच उडवल्यावर जे होतं, ते रक्ताचं होतं. जहाजापासून घर हेलिकॉप्टरने दोन तासांवर होतं आणि दाराची जाडी चार बोटं. ती चार बोटं ओलांडायला मात्र चार दिवस.

आतल्या हवेत हेलियम असे, त्यामुळे भल्या भल्या बाप्यांचा आवाज बदकासारखा होई. तो सरळ करणारं एक यंत्र होतं, पण त्यातून सहाही जण एकाच कंटाळलेल्या कारकुनासारखे बोलत. काकांना यंत्र लागत नसे. बावीस वर्षांत त्यांचा कान इतका तयार झाला होता की बदकाची भाषा ते जागच्या जागी माणसांत आणत, शिव्या गाळून आणि ‘कृपया’ घालून. “बदकांचं बरं सगळं कळतं,” असं त्यांची बायको म्हणे, “मला मेलीला दोनदा सांगावं लागतं.”

त्या दिवशी दाब उतरवायला लागून तीन तास झाले होते. सकाळी साडेअकराला दवाखान्यातून फोन आला. आतल्या सहांत जो सर्वांत काटकुळा, आणि म्हणूनच ज्याला पैलवान म्हणत, त्याच्या बहिणीचा. आईच्या आतड्याला पीळ पडलाय. डॉक्टर म्हणतात, दुपारीच शस्त्रक्रिया करायला हवी, संध्याकाळपर्यंत थांबलो तर हाती काही लागायचं नाही. आणि आई सही करत नाही.

“का?”

“म्हणते, आधी माझ्या पोराचा आवाज ऐकवा. बाबाही पाणबुडे होते हो. ते गेले तेव्हा तुमच्यासारख्याच कोणीतरी फोन करून सांगितलं होतं, तब्येत ठीक आहे, फक्त आत्ता बोलता येणार नाही. दोन दिवस तेच सांगत होते. तेव्हापासून तिचा कोणावर विश्वास नाही.”

काकांनी पैलवानाला आतल्या माइकपाशी बोलावलं आणि फोन जोडून दिला. तो बोलला.

“बदकं पाळलीत का तुम्ही?” आई म्हणाली.

काकांनी यंत्र लावलं.

“आणि हे टिनपाट कोण? माझा मुलगा कुठाय?”

मग काका स्वतः बोलायला लागले. पैलवान एक वाक्य बोले, काका ते आईला सांगत: सही कर, मी धडधाकट आहे, चार दिवसांत येतो. पण ‘आई गं’ म्हणायची पाळी आली तेव्हा आवाज काकांचा निघाला, चोपन्न वर्षांचा, तपकिरीने बसलेला. तिकडे बाई रडायलाच लागली. “आधीचाही असाच गोड बोलायचा,” ती म्हणाली.

आत पैलवानाने दाराचं चाक दोन्ही हातांनी धरलं होतं. “काका, बाहेर काढा मला. माझं व्हायचं ते होऊ दे.”

“काढतो. आणि तुझ्या आईकडे काय, बाटलीत भरून पाठवू?”

तो खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडू लागला. ते रडणंही बदकाचंच होतं, पण त्याला कोणी हसलं नाही. काकांनी फोन पुन्हा कानाला लावला. बावीस वर्षांच्या विद्येचा काडीचाही उपयोग होत नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, “ताई, तो घरी येतो तेव्हा तुम्ही त्याला आवाजावरून ओळखता?”

“आवाज कशाला लागतो? दार वाजलं की कळतं मला.”

“कसं वाजवतो?”

“ते मी कशाला सांगू? माझा असेल तर वाजवेल की.”

नळकांड्याच्या भिंतीवर आतून ठोकायला सक्त मनाई होती. आतून ठोकणं म्हणजे माणसं संकटात, असा नियम; आवाज आला की डेकवरच्या सगळ्यांनी हातातलं टाकून धावत यायचं. काकांना नियम तोंडपाठ होता, भिंतीवर लावलेला तो कागद त्यांच्याच अक्षरात होता. त्यांनी माइकचं बटण दाबलं.

“पैलवाना, घरचं दार वाजव.”

“काय?”

“तुमच्या घरचं. तू आलास की वाजवतोस तसं.”

आणि त्यांनी फोन पोलादाला टेकवला.

टक. टक. मग थोडं थांबून खालच्या बाजूला धडाम! अनवाणी पायाची लाथ. नळकांडं घणघणलं.

पलीकडून मग जो आवाज आला तो काकांना फोन कानाला न लावताही ऐकू आला.

“मेल्या! लाथ मारू नकोस म्हणून हजारदा सांगितलं! दार खाली अडकतं तर जरा उचलून ढकलावं! खालची फळी पार निखळलीय!” मग एकदम हळू: “अहो, ऐकताय ना? पायाला लागलं असेल त्याच्या. बघा जरा.”

आत पैलवान एका पायावर नाचत होता आणि बोलत होता.

“काय म्हणतोय?” आईने विचारलं.

“नमस्कार सांगतोय,” काका म्हणाले.

“दे गं तो कागद इकडे,” ती लेकीला म्हणाली.

तोवर आठ माणसं जिन्यावरून धडधडत खाली आली होती. सर्वांत पुढे साहेब, गालाला दाढीचा फेस तसाच. “काय झालं? कोण ठोकतंय?”

“घरी कोणीतरी आलंय, साहेब,” काका म्हणाले, आणि मग नीट सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, फेस पुसला, आणि लेखी खुलासा द्यायला सांगितलं. कोणी परत वर गेलं नाही. सगळे तिथेच भिंतीला टेकून बसले.

नोंदवहीत अकरा वाजून बावन्न मिनिटांपुढे काकांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: “आतून ठोठावण्याचा आवाज. कारण कौटुंबिक. दाब, वायू, तापमान स्थिर. विशेष काही नाही.”

शस्त्रक्रिया एकला सुरू झाली. पावणेपाचला बहिणीचा फोन आला: आई शुद्धीवर आहे, पाणी मागतेय, डॉक्टर देत नाहीत म्हणून त्यांनाच बोलतेय. काकांची पाळी दोनला संपली होती. सव्वापाचला ते जेवायला गेले.