रफीकभाऊनं पाळलेला नाग

साप शिकवता येतो का, असं आता कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. येतो रे बाबा. आपण काय शिकवलं ते शिकवणाऱ्याला उशिरा कळतं, एवढंच.

ब्रह्मपुरीत माझं सायकलचं दुकान आहे आणि त्याला लागून रफीकभाऊचं पत्र्याचं. धान ठेवायच्या कोठ्या, लग्नातल्या पेट्या, कूलरच्या बॉड्या, सगळं हा माणूस ठोकून काढतो. सकाळी शटर वर गेलं की ठोकठोक सुरू, ती पार दिवे लागेपर्यंत. माझ्या गिऱ्हाइकाशी मला ओरडूनच बोलावं लागतं. जरा दम घे ना बाप्पा, असं कितीदा म्हटलं असेल, पण तो हसायचा आणि आणखी जोरात हाणायचा. मनाचा मात्र साफ. कुणाच्या घरी साप निघाला की हातातलं काम टाकून जायचा, साप बरणीत घ्यायचा आणि जंगलात सोडून यायचा. बदल्यात फक्त चहा प्यायचा.

एकदा धानाच्या कापणीत त्याला गुणवंतरावांनी बोलावलं. नाल्यापलीकडच्या खेड्यातले हे शेतकरी, रफीकभाऊकडूनच कोठ्या नेणारे. त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एका नागाच्या पाठीवर विळा बसला होता. रफीकभाऊनं तो नाग आणला तो थेट दुकानात. एका जुन्या कोठीला जाळी बसवून त्यात ठेवला, ढोरांच्या डॉक्टरकडून मलम आणलं. मी भडकलो. फॉरेस्टवाल्यांना दे म्हटलं, हे कायद्यात बसत नाही, आणि माझ्या भिंतीला लागून नाग कशाला? जखम भरली की सोडतो, म्हणाला.

पहिले काही दिवस ठोकणं सुरू झालं रे झालं की नाग फणा काढून उभा राहायचा, जाळीवर तोंड आपटायचा. मग हळूहळू त्याचं उठणं कमी झालं. थंडी सरली, उन्हं तापली, अंगात तरतरी आली तरी तो गप्पच. शेजारी घण पडला तरी वेटोळं जसंच्या तसं. दिवसभराचं ठोकणं संपलं की रफीकभाऊ चिमट्यानं एखादा उंदीर आत सोडायचा. नाग आपल्याला ओळखतो अशी त्याची खात्रीच झाली होती. गिऱ्हाइकांसमोर कोठीवर हातोडी वाजवायचा आणि म्हणायचा, "पाहा, हालते का? भेत नाई आता तो." बायामाणसं हात जोडायची. मलाही नवल वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पाऊस लागायच्या आधी जखम भरली. पाठीवर बोटभर पांढुरका पट्टा राहिला, तिथं खवले आलेच नाहीत. साप जिथला तिथं सोडायचा ही रफीकभाऊची रीत. त्यानं नागाला गुणवंतरावांच्या शेताजवळ, नाल्याकाठच्या झुडपात सोडलं. परत आल्यावर रिकाम्या कोठीकडे पाहून दोन दिवस उदास होता.

आमच्या झाडीपट्टीत बांधावरून चालताना माणूस काठी आपटत चालतो. जमीन हादरली की साप वाट सोडतो. हे पोराला चालायला लागल्याबरोबर शिकवतात. सगळा भरवसा त्या काठीवर.

धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत गुणवंतरावांची सून सीता रोवणाऱ्या बायांसाठी चहाची किटली घेऊन बांधावरून निघाली होती. घोट्याच्या वर नाग चावला. जीपमध्ये घालून ब्रह्मपुरीला आणायला निघाले, तर नाल्यावरच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. ते उतरेपर्यंत नाल्याकाठी थांबणं आलं. भ्यालेला माणूस चिडतो तसे गुणवंतराव तिच्यावरच चिडले. काठी आपटली असती तर तो गेला नसता का, असं विचारत राहिले. ती म्हणत होती, "आपटली जी, मामाजी. तो हाललाच नाई." जीभ जड झाली, पापण्या उघडेनात, तरी तेच. दवाखान्यात इंजेक्शनं दिली, पण उशीर झाला होता. सीता गेली.

दुसऱ्या दिवशी रफीकभाऊला बोलावणं आलं. नाग त्याच बांधावर होता आणि रोवणी थांबली होती. मीही सोबत गेलो. पाच-सहा माणसं लांबून काठ्या आपटत होती आणि नाग निवांत पडलेला. रफीकभाऊ वाकला, त्याला पाठीवरचा पट्टा दिसला, आणि त्याचा हात थांबला. मग त्यानं नाग बरणीत घेतला. परतताना रस्त्यात गाडी थांबवून एका मोहाच्या झाडाखाली बसला आणि ढसाढसा रडला.

"तो कसा पळंन, अजयभाऊ? ठोका पडला का कायी होत नाई, हे मीच शिकवलं त्याले."

मग त्यानं नाग फॉरेस्टच्या ऑफिसात दिला आणि माणसाच्या वाटेवर याला कधीच सोडू नका म्हणून हात जोडले. मी त्याला बजावलं, गावात तोंड उघडू नकोस. तू रफीक, ते खेडं, दिवस कसे आहेत ते पाहतोस ना? पण गावात बोलणं सुरू झालं होतं की सुनेच्या कानाला मोबाईल होता, आजकालच्या पोरींना काठी धरायची लाज वाटते. ते त्याच्या कानावर आलं आणि मग तो माझं ऐकेना.

तेरवीला गेला. मांडवात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि कोठीपासून पट्ट्यापर्यंत सगळं सांगितलं. काहीच झाकलं नाही. सीताचा नवरा अंकुश ताडकन उठला. आता हा मारतो, असं वाटून मी पुढं झालो. पण गुणवंतरावांनी पोराचा हात धरून त्याला खाली बसवलं. मग ते रफीकभाऊकडे वळले.

"म्हंजे काठी आपटली होती तिनं?"

"आपटली होती जी," रफीकभाऊ म्हणाला.

गुणवंतरावांनी पोराचा हात सोडला.

"नाल्यापासी तेच सांगत होती मले," ते म्हणाले. "मी तिले म्हटलं, खोटी बोलू नको, चूप राह्य. मंग ती चूपच झाली रे."