बाबांनी न घेतलेली भाकर

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि त्याची तयारी आदल्या संध्याकाळी आमच्या घरी व्हायची. बाबा चिकलठाण्याच्या कारखान्यातून सायकलवर येताना दोन ब्रेड घेऊन यायचे. उपासनेत त्याला भाकर म्हणतात म्हणून आम्हीही भाकरच म्हणायचो, वस्तू मात्र बेकरीची. आई काळ्या मनुका उकळायला ठेवायची. बाबा कोपरापर्यंत हात धुऊन पाटावर बसायचे, ब्रेडच्या कडा कापून बाजूला काढायचे आणि मधल्या पांढऱ्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. कडा आम्हा पोरांच्या. मनुकांचं पाणी गार झालं की ते धुतलेल्या फडक्यातून दोनदा गाळायचं, बाटलीत भरायचं, आणि मग काचेचे इवले इवले पेले धुऊन पालथे घालायचे. हे सगळं करताना बाबा कुणाशी बोलत नसत. आम्ही हसलो तर नुसतं बघायचे, तेवढं पुरायचं.

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी रांगेनं पुढं जाऊन गुडघे टेकायची. बाबा शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसून राहायचे. ज्या माणसानं ते तुकडे कापले, ते पाणी गाळलं, त्यानं सदतीस वर्षं त्यातला एक कण तोंडात घातला नाही. नवीन आलेले लोक विचारायचे, यांचं दृढीकरण, म्हणजे प्रभुभोजन घ्यायला पात्र ठरवणारा विधी, झाला नाही का? जुने लोक विषय बदलायचे. मला कारण माहीत होतं, कारण ते कारण मीच होते.

आमची मूळची जात मांग. आजोबा गावाकडे असतानाच ख्रिस्ती झाले होते. पोलीस ॲक्शनच्या वेळी बाबा सात-आठ वर्षांचे होते. आधी रझाकार दारात येऊन विचारायचे, तू कोण. मग ते गेले आणि दुसरे येऊन विचारायला लागले, तू कोण. आजोबांनी दोन्ही वेळा उंबऱ्यात उभं राहून एकच उत्तर दिलं, ख्रिस्ती. कुणी काही केलं नाही, पण केलं असतं तर काय, या भीतीनं घरातल्या बायका कोपऱ्यात बसून होत्या. नंतर आजोबा शहरात आले, छावणीजवळ राहिले. बाबांनी ही गोष्ट आम्हाला इतक्यांदा सांगितली की आम्ही कंटाळायचो. त्यांच्या लेखी ख्रिस्ती असण्याचा अर्थ तेवढाच होता. कुणी विचारलं तर सांगायचं. प्रार्थना लांबलचक करायची की आखूड, सण कसा करायचा, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

आणि त्याच माणसाला मी तहसिलीच्या दारात नेऊन उभं केलं.

मी मॅट्रिक झाले, मार्क बरे होते, पण मास्तरणीच्या कोर्सला उघड्या जागेवर नंबर लागण्याइतके नव्हते. राखीव जागेवर लागत होता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आजोबांची जात विचारून तीच वहीत लिहून टाकली होती, धर्माच्या रकान्यात हिंदू. आता वडिलांनी तसं प्रतिज्ञापत्र करून दिलं की जातीचा दाखला मिळणार होता. ख्रिस्ती लिहिलं तर दाखला नाही. म्हणजे गावातल्या लोकांनी आमची जात कधी सोडली नाही, फक्त सरकारनं सोडली. मी दोन दिवस जेवले नाही. रडले, भांडले, मी जन्मभर लोकांची भांडी घासावीत अशी तुमच्या देवाची इच्छा आहे का, असंही म्हणाले. सोळा-सतरा वर्षांची होते, पण बोलताना काय बोलते आहे ते कळत होतं.

तिसऱ्या दिवशी बाबांनी रजा काढली. तहसिलीच्या फाटकाजवळ एक म्हातारे मुसलमान अर्जनवीस बसायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. बाबांना ते तोंडओळखीनं जाणत होते. त्यांनी कागद लिहिला आणि सहीआधी सबंध वाचून दाखवला, तो त्यांचा रिवाज होता. मी हिंदू असून माझ्या कुटुंबानं धर्म बदललेला नाही, असं त्यात होतं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून बाबांकडे बघितलं.

"सोच लो मियाँ," ते म्हणाले. "बोलून टाकलेलं माणूस विसरतो. लिहिलेलं नाही विसरत."

बाबा म्हणाले, "लिवलंय ते बरोबर हाय." आणि सही केली. आत कारकुनानं पुन्हा विचारलं, धर्म कोणता. बाबांनी पुन्हा सांगितलं. मी शेजारी उभी होते. मला आनंद झाला होता, हे आज लपवण्यात काही अर्थ नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी बाबा बाकावरून उठले नाहीत. आईला वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील. त्याच्या पुढच्या महिन्यात तिला खरं कारण कळलं.

पाळकसाहेब घरी आले. भले गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, कागद सरकारचा असतो आणि मन देवाचं, देव कचेरीतल्या फायली उघडून बघत नाही. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. आमच्या मंडळीतल्या निम्म्या घरांच्या ट्रंकेत तसाच कागद होता आणि ते सगळे बिनघोर पुढं जाऊन गुडघे टेकत होते. ज्यांच्या ट्रंकेत नव्हता ते पहिल्या बाकावरून मान वळवून बाकीच्यांकडे बघायचे. बाबांनी पाळकसाहेबांचं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि एवढंच म्हणाले की मला विचारलं होतं तू कोण, मी ख्रिस्ती नाही म्हणालो. तयारीचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. ते काढून घेऊ नका अशी त्यांनीच विनंती केली.

आईचं म्हणणं अगदी वेगळं होतं. दारात आलेल्याला जो उपाशी पाठवत नाही तो ख्रिस्ती, बाकी सगळं रिकामपणाचं बोलणं, असं ती म्हणायची. पोरीचं भलं केलं त्याची शिक्षा देव देत नाही, तुम्हीच स्वतःला देताय, हे तिनं त्यांना चुलीपुढं बसून शंभरदा ऐकवलं असेल. बाबा व्हय म्हणायचे आणि रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे.

मग बजाजनगरची आत्या. तिचा नवरा वाळूजला कामाला होता आणि ती दोघं तिथल्या एका नव्या पंथाच्या संगतीत जायला लागली होती. तिथं चर्चची इमारत नाही, बाक नाहीत, पाण्यात सबंध बुडवून बाप्तिस्मा घेतात. तिनं बांगड्या उतरवल्या, नाकातली चमकी काढली, आणि आमच्या घरी येऊन आम्हाला तारण, म्हणजे पापातून सुटका, समजावून सांगायला लागली. तिच्या मते आमची अख्खी मंडळीच बाद होती. एकदा ती बाबांना म्हणाली, "कागदाचं काय घेऊन बसलास दादा? लहानपणी कपाळावर चार थेंब पडले म्हणून कुणी ख्रिस्ती होतं व्हय? तू तर कधी नव्हताच."

बाबा खूप दिवसांनी हसले. "मग मी नाकारलं कुणाला, त्ये तरी सांग," ते म्हणाले.

मला तिचा तेव्हा राग आला तो आजही गेलेला नाही, कारण तिच्याकडे तो कागद नव्हता. तिनं तिच्या मुलांसाठी काढला नाही. मुलं कंत्राटदाराकडे राबली, पण ती आमच्या घरात येऊन ताठ मानेनं बोलू शकत होती.

कोर्स झाला, नोकरी लागली, पहिली नेमणूक सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. कागदानं मला नोकरी दिली आणि कागदावरची जातही दिली. जी आजोबा सोडून आले होते ती मी सही-शिक्क्यासकट परत घेऊन गेले. गावात खोली मिळाली ती मांगवाड्याच्या कडेला, दुसरीकडे कुणी दिली नाही. हेडमास्तर दुसऱ्याच आठवड्यात आडून आडून म्हणाले, बाई, कपाळ मोकळं बरं दिसत नाही, लोक विचारतात. मी टिकली लावायला लागले. पहिले काही महिने खोलीवर आल्या आल्या काढून आरशाला चिकटवायचे. मग काढायची आठवण राहीना.

नाताळच्या चार दिवस आधी बाबा न कळवता आले. मला रजा मिळाली नव्हती म्हणून करंज्यांचा डबा घेऊन एसटीनं आले होते. मी शाळेच्या ओट्यावर मुलांना पाढे म्हणायला लावत होते. ते समोर येऊन उभे राहिले आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिले. माझा हात आपोआप वर गेला.

"राहू दे," ते हळू म्हणाले. "कागदाला शोभंल असं ऱ्हावं लागतं आता."

तेवढ्यात हेडमास्तर आले आणि राम राम म्हणाले. बाबांनी जन्मभर प्रत्येकाला सलाम केलेला, आमच्यात तीच रीत. त्यांनी हात जोडले आणि राम राम म्हणाले. हेडमास्तरांनी चहा मागवला. करंज्या कशाच्या, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, सहज केल्या. परतीच्या एसटीनं ते गेले. मी स्टँडपर्यंत बरोबर गेले होते.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली, शहराजवळ बदली झाली. टिकली शाळेच्या फाटकाशी लावायची आणि शाळा सुटल्यावर काढायची, असं एक माझं जमून गेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी रांगेत जाऊन गुडघे टेकत होते. बाबांच्या बाकाजवळून जाताना मी त्यांच्याकडे बघत नसे. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस नरम होतो, हेही होतील.

मला निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना त्यांनी अंथरूण धरलं. फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. एके दुपारी नवे तरुण पाळक प्रभुभोजनाची छोटी पेटी घेऊन घरी आले. त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, बाबा, घेणार ना? आणि बाबा म्हणाले, "घ्यायचंय. लई वर्षं झाली." आई भिंतीला टेकून रडायला लागली. मीही. सदतीस वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरेल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "माय, येक काम कर. तहसिलीच्या हापिसात जाऊन सांग, आपण कोण हाव ते. माझं मी सांगून भागत नाय, कागद तुझ्या नावावर चाललाय. तू व्हय म्हण, म्हंजे मी घेतो."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मला नोकरी दिसत होती, पेन्शन दिसत होती, चौकशी, वर्तमानपत्रात नाव, मुलांच्या सासरी काय सांगायचं ते. व्हय म्हणायला माझं काय जात होतं? जाणाऱ्या माणसाला लोक काय काय कबूल करतात आणि मग विसरतात. पण बाबांनी माझा शब्द खरा धरला असता आणि त्या भरवशावर ती भाकर तोंडात घातली असती. तेवढं एक खोटं माझ्याच्यानं बोलवलं नाही. माझ्या सगळ्या आयुष्यातला खरेपणा एवढाच, आणि तोही त्यांच्या मुळावर आला. मी गप्प राहिले.

पाळक चाचरत म्हणाले, "बाबा, प्रभू अशी अट घालत नाही."

"प्रभू नाय घालत," बाबा म्हणाले. "मी घालतोय."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला आवडलं असतं. मग त्यांनी पेटीकडे हात केला आणि पाळकांना म्हणाले, "हिला द्या. हिला चालतं."

पाळक गोंधळले. त्यांनी तुकडा आधी आईपुढं धरला. माझी आई, जिला हे सगळं रिकामपणाचं वाटायचं, ती म्हणाली, यांना नाही तर मलाही नको. मग त्यांनी तो माझ्यापुढं धरला आणि मी हात पुढं केला. का केला ते मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं कुणी भाकर पुढं धरली की माझा हात पुढं जात आला होता, तसाच गेला. बाबा उशीवरून बघत होते. त्यांच्यासाठी आणलेलं मी त्यांच्यादेखत खाल्लं.

चौथ्या दिवशी ते गेले. दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, एक खरा ख्रिस्ती गेला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. त्यानंतर मी माझी चार वर्षं पूर्ण केली आणि सन्मानानं निवृत्त झाले. ज्या हापिसात जाऊन सांगायचं होतं ते आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. मी अजून गेलेली नाही.