पालखीच्या दिवशी सोडलेली होडी

माणसाच्या मनात देव कुठून आला, हे मी ज्युनियर कॉलेजच्या मुलांना दरवर्षी सांगते. ते अभ्यासक्रमात नाही. मुरुडसारख्या गावात हा विषय काढला की दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी बाप प्राचार्यांच्या खोलीत येऊन बसतो. बसू दे. फणसाडच्या रानात गवत हललं, तर वारा असेल नाहीतर बिबट्या. बिबट्या समजून पळणारा दहा वेळा उगाच पळाला तरी जगला. वारा समजून उभा राहिलेला एकदाच चुकला. आपण सगळे त्या पळपुट्यांची पोरं, म्हणून आपल्याला प्रत्येक हालचालीमागे कोणीतरी दिसतं. मग वादळामागे दिसतं, तापामागे दिसतं, रिकाम्या जाळ्यामागेही दिसतं. हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं.

माझी चूक झाली ती एवढ्यावरच थांबण्यात.

आमच्या कोळीवाड्यात चैत्रात देवीची पालखी निघते. त्या दिवशी एकही होडी समुद्रात जात नाही, मासा अगदी दारात आला तरी. त्या वर्षी बाबांच्या होडीचं इंजिन दहा दिवस दुरुस्तीला होतं आणि नेमकं पालखीच्या आदल्या दिवशी सुरू झालं. हवाही छान होती. मी बाबांच्या मागे लागले. देवी कोपेल म्हणता ना, मग कोपू दे की, मी येते बरोबर. बाईने होडीत चढायचं नाही हाही एक नियम होता. तोही त्याच फेरीत मोडून टाकू, असं माझ्या डोक्यात होतं. त्यांचे दोन्ही खलाशी पालखीला जाणार होते. बाबा सकाळी मला घेऊन निघाले, आणि त्यांची भीती मी मोडली म्हणून मी खूश झाले.

कोणी कोपलं नाही. सुरमई भरभरून मिळाली. माझे हात सोलवटले होते, पण किनाऱ्यावर उतरताना मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी खलाशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. भांडण नाही, शिवी नाही, पण वाड्यातलं कोणीच बाबांच्या होडीवर पाय ठेवायला तयार होईना. साठी उलटलेला माणूस एकटा जाळं ओढणार कसा? ते रोज सकाळी होडीपाशी जाऊन बसायचे आणि उन्हं चढली की घरी यायचे. शेजारच्या बायका मला सांगून गेल्या, देवीची ओटी भर, पायरीवर नाक घास, मिटेल सगळं. बाबांनी नारळ आणि खण आणूनही ठेवले. मी ते फडताळात ढकलून दिले. जी आहे असं मला वाटतच नाही, तिच्यापुढे नाटक करणं मला जमणार नव्हतं, बाबांसाठीसुद्धा नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच होतं.

शेवटी मी थोरल्या खलाशाच्या घरी गेले. जन्मभर बाबांबरोबर समुद्रात गेलेला माणूस. अंगणात फाटलेलं जाळं शिवत बसला होता. मी तावातावाने विचारलं, कोपली का देवी? बुडालं का कोणी?

“देवीचा मना काय ठावं न्हाय,” तो म्हणाला. “त्या दिशी समद्यांनी होऱ्या काठाला ठेवल्या. मासा मनाबी दिसत व्हता. तुझा बाप तेवढा गेला. उद्या मी पान्यात पडलो नि त्याला मासा दिसला, तर तो थांबंल कशावरून?”

बिबट्याची गोष्ट मी ज्या पुस्तकातून सांगते, त्यातच यावरचं प्रकरण होतं. सगळ्यांनी मिळून सोसलेल्या नुकसानातून माणसांना एकमेकांची पारख होते, आणि अशी पारख असलेल्या टोळ्या तगून राहिल्या. मी ते वाचून सोडून दिलं होतं, कारण त्यात कोणाला हसायला जागा नव्हती. मला माझाच भयंकर राग आला.

“काका, देवीची माफी मी मागनार न्हाय,” मी म्हटलं. “तुमची मागते. बाबाला मी नेला.”

त्याने सुई थांबवली नाही. पुढच्या पालखीला काय, एवढंच विचारलं.

“होरी काठाला ऱ्हाईल. मीबी काठाला. पन हात जोडनार न्हाय.”

“हात कोन मागतंय? खांदा दे.”

दुसऱ्या सकाळी दोघेही खलाशी बाबांच्या आधी होडीत होते.

पुढच्या चैत्रात मी पालखीला खांदा दिला. नारळ फोडला नाही, कपाळाला कुंकू लावू दिलं नाही. दांडा हाडात रुतत होता. देवळाच्या चढावर गुरवाने हसत विचारलं, काय बाई, पटली ना देवी आता? मागेपुढे सगळे ऐकत होते. मी मोठ्याने सांगितलं, नाही.

चढ अजून बराच बाकी होता. कोणीही खांदा काढून घेतला नाही.