उपाशी चौकोन

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसते. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, मग तीस वर्षं 'मोहितचे बाबा' म्हणूनच भागवलं. पण आता ते नाव छापील पुस्तकात आलं हाय, तर मी काहून लाजू? कवडू. माह्या सासूचे पहिले दोन पोरं गेले, म्हणून तिसरा झाला तसा तिनं शेजारणीले एका कवडीले विकला अन् परत मागून घेतला. यमाले वाटावं, हे पोरगं काही कामाचं नाही. यम फसला. बाकीच्या लोकायलेही तसंच वाटत राहिलं, तो भाग वेगळा.

आम्ही सक्करदऱ्याले राहतो. हे रोज सकाळी काटोल रोडच्या पुढं सागाच्या जंगलात जात, आधी सायकलनं, मग मोपेडवर. एका संस्थेत रोजंदारीवर होते. काम काय, तर पानं उचलायची! मोहल्ल्यात कोणी विचारलं, तुहा माणूस काय करते वं, तर मी काय सांगू? इकडची पानं उचलते अन् तिकडं नेऊन टाकते, असं सांगू? शेजारची तुळसाबाई तर पदराआड हसे. "सरकार पागल झालं का वं इंदू? आपण जलमभर फुकटात झाडून राहिलो, आपल्याले कोणी पगार देत नाही."

मले राग येई, पण मनातून मलेही तसंच वाटे.

वसंत सर म्हणून मोठे साहेब होते, मातीचे डॉक्टर. त्यायनं ते काम सुरू केलं होतं. जंगलात दोऱ्या बांधून नऊ चौकोन आखले होते. तिनातली पानं एकूणएक उचलायची, जमीन उघडी ठेवायची. ती पानं दुसऱ्या तिनात टाकायची, तिथल्या पानांवर वरून. अन् उरलेल्या तिनाले हात लावायचा नाही. ह्यायनं त्यायले नावं ठेवली होती. उपाशी, भरपेट अन् आपापला. रात्री जेवताना सांगत, "आज उपाशातून चार पोती निघाली वं." मी म्हणे, "मुकाट्यानं भाकर खा."

एकदा मी विचारलं, की जमिनीले उपाशी ठेवून तुम्हाले भेटते काय? पाप नाही लागत? तर लय खुशीत आले. म्हणे, झाड जमिनीतून खाते अन् पान टाकून तिचं तिले परत देते. उधई म्हणजे वाळवी, गांडुळं, बुरशी ते पान बारीक करतात, पावसात ते मुरते, मुळ्या पुन्हा पितात. असं गोल गोल चालू राहते. आता कोणी मधातून पानंच उचलून नेली, तर जमीन किती वर्षं दम धरन? तिच्या पोटात किती कार्बन राहीन, किती हवेत जाईन? हे बसल्या जागी कोणाले सांगता येत नाही. वीस वर्षं जमीन उपाशी ठेवावी लागते, तवा कळते.

वीस वर्षं! माहा मोहित शाळेत जायचा तवा सुरू केलं अन् तो पुण्याले नोकरीवर लागला तवा संपाले आलं. सासूच्या तेरवीच्या दिवशीही हे सकाळी जाऊन पानं उचलून आले. ताप असो, लग्न असो, दर पंधराव्या दिवशी झाडाखाली बांधलेल्या जाळ्यात पडलेली पानं तोलून रजिस्टरात आकडा लिहिलाच पाहिजे. एकदा काटा बिघडला, तर 'काटा बंद' असं लिहिलं, पण अंदाजानं आकडा टाकला नाही. सरायनं सांगितलं होतं म्हणे, "कवडू, पान नसलं तर शून्य लिही, पण खोटं लिहू नकोस." अन् कबूलही केलं होतं, की विसाव्या वर्षाची माती तपासली की जे छापून येईल त्यात माझ्या नावाखाली तुझं नाव असेल.

हे दुसऱ्या कशासाठी कधी झुरले नाहीत, बाप्पा. ना परमनंट होण्यासाठी, ना पगारासाठी. त्या एका छापील नावासाठी झुरले.

सर रिटायर झाले, मग आजारी पडले. त्यायच्या जागी सुमंत साहेब आले. उंटावरचा शहाणा! गाडीतून कधी खाली उतरला नाही. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात त्यायले खबर आली, दिल्लीहून समिती येणार. सोमवारी विसाव्या वर्षाची माती काढायची होती, अन् समिती यायची होती त्याच्या आधी, शुक्रवारी. ह्यायले शुक्रवारी सकाळीच इतवारीच्या बाजारात पिटाळलं, शाली अन् नारळ आणायले. अन् मले फोन आला.

"ताई, चार बायका घेऊन या, जरा साफसफाई करून घ्या. पाहुणे कवडूचंच काम बघायला येताहेत."

कवडूचंच काम! माही छाती एवढी फुगली. वीस वर्षांत ह्यायनं मले ती जागा एकदा दाखवली नव्हती. "तिथं पाहायले काय हाय, पालापाचोळा," एवढंच म्हणत. मले वाटलं, आज दाखवते मी, कवडूच्या घरची बाई काय असते ते. तुळसाबाईले घेतलं, अजून तिघींना घेतलं. साहेबानं गाडी पाठवली. गाडीत चुन्याची फक्की, गेरू, रांगोळी अन् खराटे ठेवलेलेच होते. वाटेत एका गोठ्यातून दोन घमेले शेण मी मागून घेतलं. ते मले कोणी सांगितलं नव्हतं. ते माह्या मनाचं.

जंगलात जाऊन पाहते तर काय, पानंच पानं! गुडघ्याएवढे ढीग एका चौकोनात. मले तर लाज वाटली, की ह्यायनं वीस वर्षं केलं काय इथं? जेवताना ऐकलेलं उपाशी, भरपेट मले त्या घडीले आठवलंच नाही. बोर्ड होता लावलेला, पण इंग्रजीत. आम्हा पाचजणीत इंग्रजी कोणाले येते? खराटे मारले, पानं लोटली, जागेवरच पेटवून दिली. सागाचं पान कसं तडतडते, पाच मिनिटात राख. झाडायच्या बुडाले गेरू लावला. चौकोनाच्या चारी बाजूले चुन्याची फक्की टाकली, एकदम सरळ. अन् ते तीन चौकोन दिसले, साफ, कडक, आंगणासारखे. तुळसाबाई म्हणे, "पाह्य वं इंदू, एवढी एकच जागा धड ठेवली तुह्या माणसानं."

त्या तिनाही चौकोनावर मी शेणाचा सडा टाकला. चांगला दाट. वरून जरा सुकल्यावर मधातल्या चौकोनात रांगोळी काढली, कमळाची, अन् खाली लिहिलं, सुस्वागतम्.

हे आले तवा अकरा वाजले असन. मोपेड लावली, हातात शालीची पिशवी. मी पदरानं तोंड पुसत पुढं गेली, म्हटलं आता खुश होतीन. हे चप्पल काढून उभे राहिले. त्या जागेत कधी चप्पल घालून जात नसत, ते मले मग कळलं. एका चौकोनापाशी गेले, दुसऱ्यापाशी गेले, तिसऱ्यापाशी जाऊन खाली बसले. ओला सडा बोटानं उकरला. बोट नाकाशी नेलं.

"काय झालं जी?" तुळसाबाईनं विचारलं.

हे म्हणाले, "काही नाही, वहिनी. जेवली जमीन."

बस्स. मले शिवी दिली असती, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर बरं झालं असतं.

समिती आली. वीस मिनिटं थांबली. रांगोळीचे फोटो काढले. "वेरी क्लीन, वेरी क्लीन," म्हणून राहिले. अन् साहेबानं मले पुढं बोलावलं, ह्यायनं इतवारीतून आणलेल्या शालीतली एक शाल माह्या खांद्यावर टाकली. मागाहून प्रमाणपत्रही धाडलं, 'परिसर स्वच्छतेबद्दल श्रीमती इंदुताई यांस.' मोहितनं फ्रेम केलं. अजून टांगलेलं हाय.

घरी येऊन ह्यायनं समजावून सांगितलं, हळूच, जसं पोराले सांगतात. शेण म्हणजे जेवण. राख म्हणजे जेवण. चुन्यानं मातीची चवच बदलते. उपाशी चौकोनाची माती आता तपासली, तर ती भरल्या पोटाची निघन. वीस वर्षांचा उपास मी एका सकाळी मोडला होता. मी ह्यायचे पाय धरले. म्हटलं, "अवो, कोणाले माहीत हाय? गप राहा. माती पाठवा, आकडा येईन तो येईन, तुमचं नाव तर छापून येईन."

"अन् लोक काय वाचतीन? पानं उचलून नेली तरी जमिनीले काही होत नाही, असं? मग उद्या साऱ्या जंगलातली पानं उचलतीन वं."

रजिस्टरात ह्यायनं लिहिलं, 'जमीन खराब झाली. नमुना घेऊ नये.' सुमंत साहेब म्हणाला, पान फाड. नाही फाडलं. तो रजिस्टराचा शेवटचा कागद. चार दिवसांनी काम बंद झालं.

त्याआधीच, रविवारी, आम्ही दोघं सदरले सरायच्या घरी गेलो. सर पलंगावर. मी डब्यात सरायसाठी पातळ खिचडी नेली होती, ती घेऊन दारातच उभी राहिली. ह्यायले पाहून सर उठून बसाले लागले. "ये, कवडू. उद्या माती ना? उपाशाची आधी काढ." त्या सुकल्या तोंडावर कसा आनंद होता, काय सांगू.

ह्यायनं सांगितलं. सडा पडला. राख झाली. चुना पडला.

सर पुन्हा उशीवर टेकले. मग विचारलं, "कोणी केलं?"

 मी तोंड उघडलं, खरंच उघडलं. ह्यायनं माह्याकडं एकदा पाहिलं अन् म्हणाले, "मी केलं, सर. समिती येणार होती म्हणून."

वीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही त्या माणसानं. अन् मी काय केलं? मी गप राहिली. आता खोटं कशाले बोलू, मले त्या घडीले हायसं वाटलं. सरायनं "कवडू, तू?" एवढंच म्हटलं अन् भिंतीकडं कूस बदलली. डबा तसाच परत आला.

रस्त्यावर मी विचारलं, काहून खोटं बोलले? तर म्हणे, "जागा माह्या भरवशावर होती. घरच्या बाईले वीस वर्षांत एकदा नेऊन दाखवली नाही, ती चूक कोणाची?" अन् मोपेडले किक मारली. संक्रांत झाली अन् सर गेले. तोवर ह्यायनं दोनदा जाऊन पाहिलं, दोनदा झोपलेत म्हणून सांगितलं घरच्यायनं.

यंदा वर्षश्राद्धाले सरायच्या मुलानं, पुष्करनं, आठवणीचं पुस्तक काढलं. भला माणूस. स्वतः घरी आणून दिलं. ह्यायनं चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं. पान बावीस. 'मात्र अखेरच्या वर्षी कवडू नावाच्या एका मजुराच्या निष्काळजीपणामुळे हे वीस वर्षांचे काम वाया गेले.' चोर सोडून संन्याशाले फाशी! माह्या अंगाचा तिळपापड झाला.

ह्यायनं ती ओळ दुसऱ्यांदा वाचली. "नाव छापून येईन म्हणत होते सर," म्हणाले. "आलं."

मले राहवलं नाही. पुष्कर जोडे घालून राहिला होता. मी दारात आडवी झाली. "भाऊ, थांबा. तो सडा मी टाकला. ह्यायनं नाही. मी, माह्या ह्या हातानं. तुमचे बाबा विचारत होते तवा मी तिथंच उभी होती."

पुष्करनं माह्याकडं पाहिलं, मग ह्यायच्याकडं पाहिलं.

"लक्ष नका देऊ, भाऊ," हे म्हणाले. "हिले तवापासून तसाच भास होते. मायाळू हाय, माह्यावरचं आपल्यावर ओढून घेते."

पुष्करनं मान हलवली. मले नमस्कार केला. "काळजी घ्या यांची, काकू," म्हणाला अन् गेला. माह्या नावाचं प्रमाणपत्र त्याच्या डोक्यावरच टांगलेलं होतं. त्यानं वर पाहिलं नाही.