अकरा वेळा बंद केलेली तक्रार

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत. दहा वर्षं ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती आणि तिच्या हातून चूक सहसा निसटत नसे. नवऱ्यानंही फोनमध्ये तिचा नंबर त्याच नावानं ठेवला होता.

कंपनी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. वापरणाऱ्यांना काही अडलं की ते ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारींच्या ऑनलाइन यादीत, तक्रार टाकत. तक्रारीला नंबर पडे, ती कुणाच्या तरी नावावर चढे, आणि काम झालं की बंद होई. निदान ठरलं तरी असंच होतं. प्रत्यक्षात तेहेतीसशे तक्रारी उघड्या पडल्या होत्या.

एका सोमवारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते सफरचंद खात होते.

"पुढच्या महिन्यात मोठे ग्राहक येणारेत. ट्रॅकर जरा नीट लाव. उघड्या तक्रारी पाचशेच्या आत दिसल्या पाहिजेत."

"नीट लावू की आकडा कमी करू?"

"एकच ना ते," म्हणत साहेबांनी बी तळहातावर थुंकली आणि टेबलाच्या कडेला पुसली.

पहिले दोन दिवस नुसता कंटाळा आला. एकसारख्या तक्रारी एकत्र करायच्या, त्यासाठी आधी बंद झालेल्याही उघडून पाहायच्या, निकडीच्या वर काढायच्या. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिला किळस यायला लागली. तीनशे तक्रारी अशा माणसाच्या नावावर होत्या, जो चार वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता. कुणीतरी पाच फोटो जोडून पानभर लिहिलेलं, त्याखाली उत्तर: "माहिती अपुरी. बंद." दर शुक्रवारी संध्याकाळी चाळीस-चाळीस तक्रारी एका दमात मिटवलेल्या, आठवड्याचा अहवाल गुळगुळीत दिसावा म्हणून. ओशट भांडी रचून ठेवलेल्या सिंकमध्ये कोपरापर्यंत हात घालावा तसं तिला होई. घरी आल्यावर ती साबणानं हात धूत उभी राही.

"ऑफिसात मोरी धुतेस का गं?" आईनं विचारलं.

"तसंच समज," ती म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिला ती तक्रार सापडली. एका छोट्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरनं लिहिलं होतं: एका खाटेवरचं मूल घरी गेलं आणि दुसरं आलं, की आधीच्याचंच वजन स्क्रीनवर राहतं, आणि औषधाचा डोस त्या वजनावर निघतो. खाली उत्तर होतं, "ही जुनीच तक्रार आहे, जुन्या नंबरावर पाहा." तिनं जुना नंबर उघडला. तिथं लिहिलं होतं, "नव्या नंबरावर पाहा." दोन्ही बंद. सिस्टरनं हीच गोष्ट अकरा वेळा लिहिली होती. शेवटच्या वेळी एकच ओळ होती: "अजून तेच होतंय."

चाळणीनं एकेक उघडून कुणी बंद केली ते पाहिलं. चौथीवर तिचं स्वतःचं नाव होतं. शुक्रवार, पाचला दहा कमी. "आमच्याकडे असं दिसत नाही. बंद." तपासायला दोन खोटे पेशंट तयार करावे लागले असते, एवढंच काम होतं. तिला त्या दिवसाचं काही म्हणजे काही आठवेना. आतापर्यंत ती दुसऱ्यांची घाण उपसत होती. आता तिला स्वतःच्या बोटांकडे बघवेना.

तिनं वॉर्डात फोन लावला.

"कंपनीतून?" सिस्टर म्हणाली. "एका पोरीचा डोस दुप्पट निघाला होता. सुई भरून झाली होती. मी सहज तिच्याकडे पाहिलं, एवढीशी पोर, आणि थांबले. तेव्हापासून आम्ही स्वतः वजन करतो. तुमच्या स्क्रीनवर कागद चिकटवलाय."

"चौथी तक्रार मी बंद केली होती."



"माहीत आहे," सिस्टर म्हणाली. "तिथं नाव दिसतं ना."

त्याच दुपारी तिनं प्रोग्रॅमरच्या शेजारी खुर्ची ओढली आणि उठलीच नाही. वीस मिनिटांत चूक दुरुस्त झाली. दोन ओळी. "एवढंच होतं होय," तो हसत म्हणाला.

ग्राहक यायच्या आदल्या दिवशी साहेबांनी वर्षाहून जुन्या सगळ्या तक्रारी एका झटक्यात बंद करवल्या. प्रत्येकीखाली एकच वाक्य: "सहकार्याबद्दल आभार." तोवर तिच्या जेमतेम सहाशे वाचून झाल्या होत्या.

बैठकीत पाहुण्यांमधल्या, एका मोठ्या इस्पितळात सगळ्या सिस्टरांची प्रमुख असलेल्या वयस्कर मेट्रननं विचारलं, "एवढं मोठं सॉफ्टवेअर आणि फक्त चारशे तक्रारी?"

साहेब तोंड उघडणार, तोच चाळणी म्हणाली, "बाकीच्या सुटलेल्या नाहीत. न वाचता काल बंद केल्यात."

साहेबांचा चेहरा पडला. मेट्रननं चष्मा लावला आणि शांतपणे बंद तक्रारींची यादी मागितली. ती यादी सबंध वाचल्याशिवाय करारावर सही करायची नाही, असं मेट्रननं कळवलं, आणि बंद केलेलं सगळं पुन्हा उघडावं लागलं.

पंधरा दिवसांत चाळणीची बदली माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या विभागात झाली. कारण विचारलं तर साहेब म्हणाले, "तुझी भाषा चांगली आहे." त्या तक्रारी आता दुसरी एक मुलगी वाचते, रोज पंधरा-वीस. कधीकधी ती जेवणाच्या सुट्टीत खाली येऊन विचारते, याचं काय करू. चाळणी म्हणते, "ज्यानं लिहिलंय त्याला फोन कर." मग दोघी स्पीकर लावून बसतात आणि पलीकडचा माणूस जे काही बोलेल ते ऐकून घेतात.