आईच्या फ्रिजचा आवाज

मंडळी, आत्ताच शनिवार पेठेतून आईकडून कात्रजला घरी आलेय. लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून आई एकटीच असते. हल्ली तिची साखर सारखी वाढतेय. इंजेक्शन वेळेवर घेते, पथ्य पाळते, तरीही. आज दुपारी तिच्याकडे पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर आत अंधार. इन्सुलिनची बाटली कोमट.

"अगं, मीच बंद करते रोज दुपारी. केवढा आवाज करतो तो! पेटलाबिटला म्हणजे?"

मी चिडले. बोलू नये ते बोलले. मग मेकॅनिकला बोलावलं.

त्यांनी फ्रिजला कान लावला. "काकू, ही खळखळ आत गॅस फिरतो त्याची. मधेच कट्ट वाजतं ते मशीन चालू-बंद होताना. जळका वास आला तर बटण बंद करा आणि मला फोन करा. पण हा आवाज पहिल्यापासूनचाच आहे."

"पहिल्यापासूनचा? मग इतकी वर्षं दुपारी मला कसा ऐकू आला नाही?" आई म्हणाली आणि थांबली. बाबांच्या कॉटकडे बघत हळूच म्हणाली, "हे घोरायचे ना."

नवीन इन्सुलिन आणून ठेवलंय. फ्रिज चालू आहे.

तुमच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस "आवाज येतो" म्हणत असेल, तर मेकॅनिकला जरूर बोलवा. पण मेकॅनिक गेल्यावर लगेच घरी जायला उठू नका.

मी आज उठले.